वेलगुलाबाचें मूळ व कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. फुलांच्या बाबतींत असा नियम कोणीं घालून दिलेला नाहीं. तरी पण दारापुढें चार झाडें लावून संतुष्ट असणारा गृहस्थ त्यांचें मूळ कोठचें व कूळ कोणतें याची चौकशी सहसा करीत नाहीं. झाड फुललें कीं तें आपलें, आणि सुकलें कीं तें विलायती, एवढाच काय तो निवाडा! गुलाबाच्या वांट्याला यांतील दुसरा निवाडा वारंवार येतो. हौसेनें आणलेलें कलम दोन पावसाळे काढतें, तिसऱ्या वर्षीं त्याच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खालीं येऊं लागतात, आणि मग घरांतील वडील माणूस म्हणतें, "अहो, हें थंड मुलखाचें झाड; आपल्या हवेंत तें टिकायचें कसें?" खांबावर किंवा मांडवावर चढणाऱ्या गुलाबाविषयीं तर हा समज अधिकच दृढ आहे. इंग्रजी चित्रांत खेड्यांतील घराच्या दारावर जो गुलाबांचा बहर लोंबतांना दिसतो, तो तेथील धुक्याचा आणि गारव्याचा प्रसाद, आपल्या उन्हाचें तें काम नव्हे, असें सुशिक्षित घरांतूनहि बोललें जातें.

हा समज इतिहासाला धरून नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. त्या इंग्रजी दारावरच्या वेलीला उंची कोठून मिळाली व पुनःपुन्हां फुलण्याचा गुण कोणीं दिला हें पाहूं लागलें असतां वाट विलायतेकडे न जातां कँटन, कलकत्ता आणि मणिपूर यांकडे वळते. ती वाट वाचकांसह एकदां चालून पाहण्याचा विचार आहे.

नांवापासूनच आरंभ करूं. फारसींत 'गुल' म्हणजे फूल, आणि विशेषेंकरून हेंच फूल; 'आब' म्हणजे पाणी. तेव्हां 'गुलाब' हें मुळांत फुलाचें नांवच नव्हे. तें त्याच्या अर्काचें नांव होय. आपण अर्काचें नांव फुलाला दिलें, आणि मग अर्काला दुसरें नांव हवें म्हणून 'गुलाबपाणी' हा शब्द बनविला. शब्दशः पाहिलें तर फूल-पाणी-पाणी! ही नुसती भाषेची गंमत नव्हे. मराठी घरांत गुलाबाची ओळख झाली ती कुंडीपेक्षां गुलाबदाणीनें. अत्तरगुलाब व पानसुपारी ही दरबारची रीत. ती सरदारांच्या वाड्यांतून गृहस्थांच्या लग्नमुंजींत उतरली, आणि ज्यांनीं गुलाबाचें झाड जन्मांत लावलें नव्हतें त्यांच्याहि अंगरख्यावर गुलाबपाण्याचे शिंतोडे पडूं लागले. अंगणांत मात्र जाई, जुई व मोगरा यांचेंच राज्य राहिलें.

गुलाब हिंदुस्थानांत बाबरानें आणला, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. बाबराला बागांचें वेड होतें यांत संशय नाहीं. १५२६ सालीं पानिपत जिंकल्यावर आग्र्याच्या धुळीला व उकाड्याला कंटाळून त्यानें तेथें चौकोनी बागा आंखल्या, आणि त्यांत गुलाब व नर्गिस यांचे वाफे ओळीनें लावविले, हें त्यानें स्वतःच्याच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. परंतु त्यापूर्वीं ८३ वर्षें, म्हणजे १४४३ सालीं, हेरातच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर्रझ्झाक हा विजयनगरास आला होता. आणि तेथें जागोजाग गुलाब विकतात, या लोकांना गुलाब अन्नाइतकाच आवश्यक वाटतो, अशा अर्थाचें वर्णन तो करतो. इराणांतून आलेल्या माणसाला गुलाबाचें नवल वाटावें, तेंहि तुंगभद्रेच्या कांठीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दक्षिणच्या उन्हांत गुलाब बाजारभर विकला जात होता, आणि तो बादशाही माळ्यांची वाट पाहत बसला नव्हता.

त्याच्याहि मागें गेलें तर माग पुसट होतो. संस्कृत काव्यांत कमळ, अशोक, बकुळ, शिरीष, कुंद यांची दाटी आहे. गुलाबाला तेथें मानाचें पान नाहीं. वैद्यकाच्या निघंटूंत मात्र 'शतपत्री', 'तरुणी', 'कुब्जक' अशीं नांवें येतात, आणि यांपैकीं कुब्जक म्हणजे हिमालयाच्या उतारांवर झाडांच्या माथ्यापर्यंत चढणारा, पांढऱ्या सुगंधी फुलांच्या घोसांचा रानगुलाब, असें मानण्यांत येतें. म्हणजे वेलगुलाब हा आपल्या पर्वताचा जुना रहिवासी; कवींना त्याची ओळख नव्हती, वैद्यांना होती.

अत्तराचा विषय निघाला आहे तेव्हां आणखी एक समज दुरुस्त करून ठेवतों. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानला लागला ही कथा सर्वांच्या तोंडीं आहे. खुद्द जहांगीरानें आपल्या आठवणींत हें श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमेला, दिलें आहे. ऊन गुलाबपाणी ताटांत ओततांना वर जो तवंग आला तो तिनें थोडा थोडा गोळा केला, आणि त्याच्या एका थेंबानें सारी मजलस दरवळली, असें तो सांगतो. मुलगी प्रसिद्ध असली म्हणजे आईचें कर्तृत्वहि तिच्याच खातीं जमा होतें, त्यांतलाच हा प्रकार.

गाझीपूर व कनौज येथें या अत्तरासाठीं शेतेंच्या शेतें गुलाबाचीं लावीत. हा गुलाब दमास्क जातीचा. सुगंध अप्रतिम, पण बहर वर्षांतून एकदां, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, आणि तोहि कांहीं आठवड्यांचा. शेतकऱ्याला तेवढें पुरतें, कारण त्याची भट्टी महिनाभरच पेटायची असते. घरच्या अंगणाची गरज निराळी. तेथें रोज सकाळीं देवाला चार फुलें व्हावयाचीं असतात, मुलीबाळींना वेणी हवी असते. वर्षांतले अकरा महिने जें झाड कांट्यांवांचून दुसरें कांहीं दाखवीत नाहीं, त्याला घरचीं माणसें रोज पाणी कशाला घालतील? जाईजुईसमोर दमास्क गुलाबाचा टिकाव लागला नाहीं, यांत हवेचा दोष नव्हता. दोष होता तो त्याच्या फुलण्याच्या रीतींत. युरोपच्या गुलाबांचें तरी वेगळें काय होतें? दमास्कचीच एक जात शरदांत पुन्हां थोडी फुले, तेवढी सोडली तर अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तिकडचे बागेंतले गुलाब उन्हाळ्याच्या आरंभीं एकदां फुलून वर्षाचा निरोप घेत.

बाराही महिने फुलणारा गुलाब चीनच्या माळ्यांनीं तयार केला. त्यांतल्या एकाचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. सुंग राजवटींत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळांत, चिनी लेखकांना तो चांगलाच परिचित होता, आणि त्याचें चिनी नांव 'युएजी' हें महिन्यामहिन्याला येणाऱ्या फुलाचेंच सूचक आहे. कँटन शहराजवळ फा-ती या ठिकाणीं झाडांच्या मोठ्या रोपवाटिका होत्या, आणि परदेशीय व्यापाऱ्यांना चीनमध्यें ज्या थोड्या जागीं फिरण्याची मोकळीक होती त्यांत ही एक होती. तेथून हे गुलाब चहाच्या पेट्यांबरोबर जहाजांवर चढले. परंतु कँटनहून लंडनपर्यंतचा प्रवास महिनोन्महिने चाले. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनीं झाडें वाटेंतच मरत. म्हणून मध्यें विसांवा हवा होता, आणि तो कलकत्त्यास मिळाला. हुगळीच्या कांठीं शिबपूर येथें कंपनी सरकारची वनस्पति-बाग कर्नल किड यानें १७८७ सालीं स्थापिली होती. चीनहून आलेला तांबडा बारमाही गुलाब १७९२ च्या सुमारास स्लेटर नांवाच्या, कंपनीच्याच एका डायरेक्टराकडे इंग्लंडांत पोंचला, तो कलकत्त्याहून गेला असें गुलाबाचे इतिहासकार नमूद करतात. पुढच्याच वर्षीं पार्सन्स यांच्या बागेंत गुलाबी बारमाही गुलाब आला. १८०९ सालीं ह्यूम यांनीं चहासारख्या वासाचा फिका गुलाबी, आणि १८२४ सालीं लंडनच्या उद्यानसंस्थेनें धाडलेल्या पार्क्स या माळ्यानें पिवळा गुलाब चीनहून आणला. आजच्या बहुतेक सर्व बागायती गुलाबांत या चौघांचें रक्त कमीअधिक प्रमाणांत आहे.

कलकत्त्याच्या या मुक्कामाचा एक चमत्कारिक परिणाम झाला. फ्रेंच लोक या गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणूं लागले. त्याच्याहि आधीं, १७५३ सालीं, लिनिअस या महापंडितानें अशाच पौर्वात्य गुलाबाला 'रोझा इंडिका' म्हणजे हिंदी गुलाब असें शास्त्रीय नांव दिलें होतें. जन्म चीनचा, आणि नांव हिंदुस्थानचें! पुढें शास्त्रज्ञांनीं 'चिनेन्सिस' हें नांव रूढ करून ही चूक सुधारली, आणि तें योग्यच झालें. पण गंमत अशी कीं, ज्या गुलाबाला साऱ्या युरोपनें एके काळीं बंगाली मानलें, त्याच्याच नातवंडांना आपण विलायती मानून नाक मुरडतों.

आतां खरी अडचण सांगितली पाहिजे. चीनच्या या गुलाबाला बहर बारमाही, पण अंगानें तो बुटका. गुडघ्याएवढें, फार तर कमरेएवढें झुडूप. उलट रानगुलाब झाडावर चढतो, पण वर्षांतून एकदांच फुलतो. उंची पाहिजे तर बहर सोडा, बहर पाहिजे तर उंची सोडा, असा हा जणूं निसर्गाचा करार होता. हा करार कशामुळें, हें दीडशें वर्षें माळ्यांना अनुभवानें ठाऊक होतें. कारण मात्र २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें स्पष्ट झालें. रानगुलाबांत फुलण्याला आवर घालणारा एक जनुक असतो. त्याच्या जोरावर नवी फांदी पहिल्या वर्षीं फुलाच्या नादीं न लागतां नुसती लांब लांब वाढत जाते, आणि दुसऱ्या वसंतांत तिच्या बगलांतून निघालेल्या लहान फांद्यांवर फुलें येतात. चीनच्या गुलाबांत केव्हां तरी एक भटका तुकडा या जनुकाच्या मध्यें येऊन बसला आणि तो आवर सुटला. मग काय, प्रत्येक फांदी चार पानें काढते न काढते तोंच शेंड्याला कळी! फूल आलें कीं फांदीची वाढ तेथेंच संपली. म्हणून झाड फुलतें फार, पण वाढत नाहीं. कधीं कधीं अशा बारमाही झुडपाला एखादी फांदी एकाएकीं सात-आठ हात लांब फुटते व तिच्यापासून वेलीची नवी जात निघते. कांहीं जातींत तपासून पाहिलें तेव्हां तो भटका तुकडा बव्हंशी निघून गेल्याचें, आणि आवर पुन्हां चालूं झाल्याचें दिसून आलें. वेल मिळाली, पण बारमाही बहर गेला. नोकर ठेवावा तर तो चोरी करतो, न ठेवावा तर काम अडतें, अशांतलाच हा पेंच होता.

हा पेंच थोडाबहुत सुटला तो अमेरिकेंत. दक्षिण कॅरोलिना प्रांतांत चार्ल्सटन येथें चॅम्प्नीज नांवाचा एक जमीनदार होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्याकडे कस्तुरी गुलाब आणि चीनचा गुलाबी बारमाही यांच्या संकरांतून एक वेल झाली. तिच्या बियांपासून त्याच्या शेजारच्या फिलिप नोआझेत या फ्रेंच माळ्यानें पुढची पिढी काढून ती पॅरिसला आपल्या भावाकडे पाठविली, आणि 'नोआझेत' नांवाचें वेलगुलाबांचें घराणें सुरूं झालें. चढावयाचें आणि पुन्हां पुन्हां फुलावयाचेंहि, असें साधलेलें हें पहिलें घराणें. चार्ल्सटनचा उन्हाळा दमट व कडक असतो, हें येथें विसरूं नये. याच घराण्यांत १८६४ सालीं फ्रान्समध्यें 'मारेशाल निएल' ही पिवळी, सुगंधी वेल निघाली. इंग्लंडांत तिला बाहेरची थंडी सोसत नाहीं म्हणून तिच्यासाठीं कांचेचीं घरें बांधावीं लागत. ज्या वेलीला विलायतेंत उन्हासाठीं कांचघर लागे, तिला थंड मुलखाची म्हणणें म्हणजे आंब्याला थंड मुलखाचा म्हणण्यासारखेंच आहे!

दुसरें घराणें मॉरिशसच्या शेजारच्या बूरबाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयूनियाँवर, जन्मलें. तेथें कुंपणाला चिनी व दमास्क असे दोन्ही गुलाब लावीत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकराचें झाड १८१७ सालीं ब्रेआँ या वनस्पतिज्ञाच्या नजरेस पडलें, आणि त्याचें बी पॅरिसला गेलें. आपल्याकडे हारवाल्यांच्या टोपल्यांतून येणारा आणि 'एडवर्ड' या नांवानें ओळखला जाणारा गुलाबी, सुवासिक गुलाब याच कुळांतला. हा एडवर्ड म्हणजे कोणी इंग्रज बादशहा नव्हे. बेटावरच्या फ्रेंच 'एदुआर' नांवाचें तें रूपांतर आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्या उन्हांत शेतांतून वाढतो आहे, आणि त्याला कोणी नाजूक म्हणत नाहीं.

राहिली ती उंचीची गोष्ट. चीनहून गेलेल्या चौघांपैकीं चहाच्या वासाच्या दोघांत दुसऱ्या एका गुलाबाचा अंश आहे, हें पुढें कळून आलें. तो दुसरा गुलाब युरोपीय शास्त्रज्ञांनीं पाहिला तो फार उशिरां, आणि तोहि आपल्याच सरहद्दीवर. १८८२ सालीं जॉर्ज वॉट हे मणिपूरच्या डोंगरांत हिंडत असतां शिरुई पर्वताकडे त्यांना उंच झाडांच्या माथ्यापर्यंत चढलेला, चार-पांच इंच रुंदीच्या पांढुरक्या फुलांचा एक गुलाब आढळला. थोड्याच वर्षांनीं कर्नल कॉलेट यांना तो ब्रह्मदेशांतील शान डोंगरांत भेटला, आणि १८८८ सालीं त्याचें 'रोझा जायगँटिया', म्हणजे महाकाय गुलाब, असें नामकरण झालें. तो चीनच्या युनान प्रांतांतहि वाढतो, आणि चिनी माळ्यांनीं वापरला तो तिकडचाच असावा, मणिपूरचा नव्हे. पण जात एकच. आज दुकानांतून लांब दांड्याचा, निमुळत्या कळीचा जो गुलाब आपण विकत घेतों, त्याची ती निमुळती कळी आणि पाकळीचा तो तलम पोत बराचसा याच महाकायाकडून चहा-गुलाबांच्या मार्फत आला आहे. मणिपूरचा पाऊस आणि डोंगरांतलें ऊन ज्याच्या अंगीं मुरलें, तो गुलाब या सगळ्या घराण्याचा आजा!

या आजाचें पुढें काय झालें, तें मात्र आपल्याला फारसें भूषणावह नाहीं. लिस्बन येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं कायो या माळ्यानें त्याच्यापासून 'बेल पोर्तुगेज' ही प्रचंड वेल काढली. ऑस्ट्रेलियांत मेलबर्नजवळ अॅलिस्टर क्लार्क या गृहस्थानें त्याचाच वंश वाढवून उन्हांत हिवाळाभर फुलणारे गुलाब तयार केले. त्यांपैकीं १९२४ सालचा 'लोरेन ली' तिकडे घरोघरच्या कुंपणावर चढला. हिंदुस्थानांत मात्र त्याच काळीं बागाईतदार इंग्रजी रोपवाटिकांच्या सूचिपत्रांवरून कलमें मागवीत होते, आणि तीं मेलीं म्हणजे हवेला बोल लावीत होते. तीच कथा बंगाल-बिहारच्या ओढ्याकांठच्या 'क्लिनोफिला' गुलाबाची. मुळें पाण्यांत बुडालीं तरी हा मरत नाहीं. ज्या देशांत पावसाळ्यांत गुलाबाचीं मुळें कुजतात, त्याच देशाचा हा गुलाब. आणि त्याचा उपयोग करण्याचें फार दिवस कोणाच्या मनांत आलें नाहीं. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनीं आपल्या हवेला मानवतील अशा नव्या जाती काढण्याचा ध्यास घेतला व १९६६ सालीं 'द रोज इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. आणि त्यानंतर सनदी नोकरींतून निवृत्त होऊन कोडाईकनाल येथें राहिलेले वीरू वीरराघवन यांनीं याच दोन रानगुलाबांना हाताशीं धरून संकराचें काम चालविलें. त्यांच्या एका जातीचें नांव 'सर जॉर्ज वॉट' आणि दुसरीचें 'मणिपूर मॅजिक' असें आहे. हे गुलाब आमच्या इकडच्या रोपवाटिकांतून सहज मिळावेत, अशी इच्छा व्यक्त करण्यापलीकडे आम्हांस कांहीं करतां येत नाहीं. आम्हीं विचारलें त्या ठिकाणीं मालकांनीं हीं नांवें प्रथमच ऐकिलीं होतीं.

येथें कोणी विचारील कीं, परकें झाड आपलें म्हणण्याला आपण लोक तयार नसतों कीं काय? तसें मुळींच नाहीं. आपल्या मांडवावरच्या बाकीच्या वेली पाहा. कृष्णकमळ दक्षिण अमेरिकेचें. १६१० च्या सुमारास रोममध्यें बोसिओ या धर्मपंडितानें मेक्सिकोहून आलेलीं चित्रें व सुकलेलीं फुलें पाहून त्यांत ख्रिस्ताच्या मरणाचीं सारीं चिन्हें वाचलीं : भोंवतालचे तंतु म्हणजे कांट्यांचा मुकुट, पांच पुंकेसर म्हणजे पांच जखमा, वरचे तीन दांडे म्हणजे तीन खिळे. तेंच फूल मराठी अंगणांत आलें, आणि आपल्या आजीबाईंनीं तेच तंतु मोजून शंभर कौरव, तेच पांच केसर पाहून पंचपांडव, आणि मधोमध श्रीकृष्ण असा अर्थ लाविला. दोन्ही वाचनें तितकींच भक्तीचीं, आणि कोणीं कोणाचें ऐकून केलेलीं नव्हेत. गणेशवेलहि अमेरिकेचीच, नांवावरून कोणास शंका तरी येईल काय? बोगनवेलीचें तर विचारूंच नका. १७६७ सालीं फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या सफरींत रिओ द जानेरो येथें कॉमर्सन हा वनस्पतिज्ञ व पुरुषवेषांत त्याच्याबरोबर गेलेली झान बारे यांना ती वेल मिळाली, आणि कप्तानाचें आडनांव तिला देण्यांत आलें. मराठी जिभेनें त्या आडनांवाचें शेंपूट ओढून त्याची सरळ 'वेल' केली! असें नांव मिळालें कीं झाड घरचें होतें. जुन्या काळीं तर झाडाला माणसासारखें हांक मारण्याचीहि चाल होती. शाकुंतलांत आंब्याला बिलगलेल्या नवमालिकेला शकुंतलेनें 'वनज्योत्स्ना' असें नांव ठेविलें आहे. वेलगुलाबाला मात्र मराठींत अजून स्वतःचें असें नांव नाहीं. तो आपला 'क्लाइंबर' म्हणूनच विकला जातो.

आतां त्या सुकणाऱ्या कलमाकडे वळूं. त्याला मारणारी हवा नव्हे, पंचांग होय. इंग्रजी पुस्तकांत गुलाब छाटावयाचा तो मार्चांत, कारण तेथें तेव्हां हिवाळा संपतो. दख्खनमध्यें मार्चांत छाटलेल्या झाडाची कोंवळी फूट वैशाखांत करपून जाते. आपल्याकडे झाडाची खरी विश्रांति पावसाळ्याच्या अखेरीस साधावयाची. ही गोष्ट जुन्या माळ्यांना पक्की ठाऊक होती. डाळिंब, संत्रें, मोसंबी यांचा बहर धरतांना जसें पाणी तोडून झाडाला ताण देतात, आळें उकरून मुळें उघडीं करतात, आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी देतात, तसेंच ते गुलाबालाहि करीत. एकोणिसाव्या शतकांत बंगालमधील फर्मिंजर या पाद्र्यानें बागकामाचा जो प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यांतहि या देशी रीतीची नोंद आहे. मुळें फार उघडीं केलीं तर बारीक तंतु तुटून झाडाला इजाच होते, असें आतांचे जाणकार सांगतात, आणि तें खरें आहे; ताण बेताचा असावा. पण ऋतु मात्र माळ्यांनीं अचूक धरला होता. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत छाटणी केली, तर चाळीस-पन्नास दिवसांनीं, थंडीच्या तोंडाला, पहिला बहर येतो. १८३० सालीं स्थापन झालेल्या व पुण्याची एम्प्रेस बाग संभाळणाऱ्या कृषि-उद्यान संस्थेचें पुष्पप्रदर्शन जानेवारींत भरतें, तें उगीच नव्हे.

वेलगुलाबाची गोष्ट याहून निराळी, आणि येथेंच बहुतेक घरीं घात होतो. माळी येतो आणि बाकीच्या झाडांबरोबर वेलहि गुडघ्याइतकी छाटून टाकतो. वर सांगितलेल्या कराराकडे लक्ष दिलें म्हणजे यांतली हानि तेव्हांच ध्यानीं येईल : ज्या लांब फांद्यांच्या बगलेला पुढचा बहर यावयाचा, त्याच कोयत्याखालीं जातात. वेल पुन्हां वर्षभर नुसती वाढते, पुन्हां छाटली जाते, आणि मालक म्हणतो, हिला फूलच येत नाहीं. वेलीच्या लांब फांद्या राखाव्या. फक्त वाळलेल्या व अगदीं जून झालेल्या तळांतून काढाव्या, आणि बाजूच्या लहान फांद्या दोन-तीन डोळे ठेवून कापाव्या. कलमाच्या सांध्याखालून जे धुमारे फुटतात ते मात्र मुळाशीं ओढून काढावे. ते खुंटाचे असतात, आणि राहूं दिले तर दोन वर्षांत खुंटच वरच्या गुलाबाला गिळतो. 'आमचा लाल गुलाब पांढरा झाला' असें जें ऐकूं येतें, तें याचेंच फळ.

शिवाय गुलाब ही खरी वेल नव्हे. तो गोकर्णीसारखा विळखा घालीत नाहीं, कृष्णकमळासारखे त्याला ताणे नाहींत. केवळ कांट्यांच्या आंकड्यांनीं तो दुसऱ्यावर रेलतो. डार्विननें १८६५ सालीं चढणाऱ्या वनस्पतींवर जो निबंध लिहिला त्यांत अशा आंकडेवाल्यांना त्यानें चढण्याच्या कलेंत सर्वांत खालचा नंबर दिला आहे. तेव्हां त्याला बांधण्याचें काम माणसाचें. आणि तें बांधणें सरळ उभें नसावें. फांदी उभी ठेवली तर सारा जोर शेंड्याकडे जातो व फुलें येतात तीं छपरावर, शेजाऱ्यांच्या दर्शनासाठीं! तीच फांदी कोंवळी असतांना हळू हळू वांकवून कठड्याच्या किंवा तारेच्या कडेनें आडवी बांधली, कीं शेंड्याचा अंमल सुटतो आणि तिच्या पाठीवरचा डोळान्‌डोळा जागा होतो. बांधण्यास सुंभ किंवा केळीचें सोपट घ्यावें, तार घेऊं नये. गांठ सैल ठेवावी, कारण फांदी जाड होत जाते. खांब असेल तर त्याच्याभोंवतीं फांदी तिरकी गुंडाळीत न्यावी. दसऱ्याच्या सुमारास हें काम उरकलें म्हणजे मार्गशीर्षाच्या आंत त्या आडव्या फांदीवर हातहातभर अंतरानें तांबूस कोंब दिसूं लागतात.